दुष्काळ सोसणारे बियाणे आणि आपली उधारी

शेती हा शेतकऱ्याचा विषय, कापड दुकानदाराला त्यात काय, असे काही वाचक म्हणतील. पण विदर्भ, मराठवाडा किंवा खानदेशातील ज्या बाजारपेठेत कापसाच्या पैशावर गिऱ्हाईक उभे राहते, तेथील कोणत्याही व्यापाऱ्याला विचारून पाहा. दसरा-दिवाळीची विक्री कशी होणार, हे तो ऑगस्टमधले आभाळ पाहून सांगतो. ऑगस्टात पावसाने पाठ फिरवली की दिवाळीचा माल गाठीतच राहतो, लग्नसराईची खरेदी निम्म्यावर येते आणि मागील उधारी वहीच्या पुढच्या पानावर जाते. २०२३ चा ऑगस्ट सर्वांच्या लक्षात असेल. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

तेव्हा "दुष्काळ आणि उष्णता सोसणारे बियाणे" ही बातमी आपल्याही कामाची आहे. जनुक बदलून तयार केलेली अशी पिके आज काही देशांत प्रत्यक्ष शेतात उभी आहेत, ही हकीकत आहे. परंतु बाजारात बातमी वेगळ्याच रूपात फिरते. आता पाऊस पडला नाही तरी चालेल, पीक येणारच, असे लोक बोलू लागतात. या दोहोंत जे अंतर आहे ते आकड्यांत समजून घेणे जरूर आहे. कारण ज्या दिवशी असे कापसाचे बियाणे आपल्या भागात येईल, त्या दिवशी शेतकरी त्याच्या भरवशावर उधारी मागेल आणि द्यायची की नाही, किती द्यायची, हे देणाऱ्यालाच ठरवावे लागेल.

बीटीचा दाखला इथे चालत नाही

बियाण्यात जनुक घालणे म्हणजे काय, हे आपल्याकडे बीटी कापसामुळे थोडेफार माहीत झाले आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा नमुना लिहिलेला असतो. त्यातील एकेक हुकूम म्हणजे एकेक जनुक. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचा असा एक हुकूम काढून तो कापसाच्या नमुन्यात जोडला, म्हणजे बीटी कापूस झाला. ते झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते, आणि ते पोटात गेले की बोंडअळी मरते. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने त्याला परवानगी दिली आणि दहा वर्षांच्या आत देशातील बहुतेक कापूस बीटी झाला. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने केलेले नुकसान सर्वांनी पाहिले.

पण बीटीचे काम मुळात सोपे होते. शत्रू एक, त्याच्यासाठी विष एक, ते बनवणारे जनुक एक. दुष्काळाचे तसे नाही. पेरणीनंतर पाऊस न आल्याने उगवण मरते, तोही दुष्काळ. फुलावर असताना वीस दिवसांचा खंड पडतो, तोही दुष्काळ. बोंडे भरण्याच्या वेळी जमिनीतील ओल संपते, तोही दुष्काळच. हलक्या मुरमाड रानात जो खंड पीक मारतो, तोच खंड खोल काळ्या जमिनीत पीक सोसून नेते. त्यात उष्णतेची भर पडली की हिशेब आणखी बदलतो. एका प्रकारच्या दुष्काळात जो गुण झाडाला तारतो, तोच गुण दुसऱ्या प्रकारात किंवा चांगल्या पावसात त्याला मागे ओढतो. म्हणून तीसेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू असूनही शेतापर्यंत पोहोचलेली अशी पिके बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

पानाचे शटर

हा पेच समजण्यासाठी पानाची रचना पाहू. पानावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक छिद्रे असतात. झाड त्यांतून हवा आत घेते आणि तिच्यातील कर्बवायूपासून आपले अन्न तयार करते. पण छिद्र उघडले की आतील पाण्याची वाफही त्याच वाटेने बाहेर जाते. मुळांना पाणी मिळेनासे झाले की झाड ही छिद्रे मिटून घेते. आपण दंग्याधोप्याच्या दिवशी दुकानाचे शटर खाली ओढतो, तशीच ही गोष्ट. माल सुरक्षित राहतो, पण गिऱ्हाईकही येत नाही. झाड जिवंत राहते, पण वाढत नाही, दाणा भरत नाही, बोंड धरत नाही.

कुंडीतले रोप पंधरा दिवस पाण्याविना ठेवले आणि ते हिरवे राहिले, असे चित्र वर्तमानपत्रात छापून येते. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने त्याला किंमत आहे. शेतकऱ्याला मात्र जिवंत झाड विकायचे नसते, त्याला क्विंटल विकायचे असतात. शटर लवकर ओढणारे झाड घोर दुष्काळात वाचते आणि साध्या आठ दिवसांच्या खंडात विनाकारण उपाशी बसते. आपल्याकडे साधे खंड अधिक येतात, घोर दुष्काळ कमी. तेव्हा "जगते किती" यापेक्षा "पिकते किती" हा प्रश्न मोठा आहे.

अमेरिकेचा मका

जनुक बदललेल्या पिकांत केवळ दुष्काळासाठी म्हणून बाजारात आलेले पहिले मोठे पीक म्हणजे अमेरिकेतील मोन्सॅन्टो कंपनीचा मका. मातीतल्याच दुसऱ्या एका जिवाणूचे जनुक त्यात घातले होते. थंडीच्या धक्क्यात तो जिवाणू या जनुकाच्या आधारे पेशीचे काम चालू ठेवतो. मक्याच्या झाडालाही ताणात त्याचा उपयोग होतो असे आढळले. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन सरकारने परवानगी दिली आणि २०१३ पासून त्याची सर्वसाधारण विक्री सुरू झाली.

फायदा किती? अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या एका संघटनेने २०१२ मध्ये उपलब्ध आकडे तपासले. मध्यम दुष्काळात सुमारे ६ टक्के फायदा, तीव्र दुष्काळात फारसा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. याच सुमारास दुसऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी बाहेरचे जनुक न घालता, नेहमीच्या संकर-निवडीने तयार केलेले दुष्काळ सोसणारे मके बाजारात आणले. २०१६ पर्यंत अमेरिकेतील मक्याच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक क्षेत्र दुष्काळ सोसणाऱ्या वाणांखाली गेले होते आणि त्यातील मोठा भाग या साध्या संकरित वाणांचा होता. म्हणजे दुष्काळ सोसण्याचा गुण जनुक घातल्यानेच येतो असे नाही. जुन्या पद्धतीनेही तो येतो, आणि अमेरिकन शेतकऱ्याने दोन्ही माल शेजारी ठेवून खरेदी केली.

दक्षिण आफ्रिकेत हाच गुण असलेल्या एका मक्याचा अर्ज २०१८ मध्ये सरकारी मंडळाने नाकारला. कारण असे दिले की दुष्काळात फायदा होतो हे कंपनीच्या आकड्यांवरून पुरेसे सिद्ध होत नाही. पुढे २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने या गुणाच्या मूळ मक्याला आधी दिलेली परवानगीही रद्द ठरवली.

अर्जेंटिनाचा गहू

व्यापाऱ्याच्या नजरेने सर्वांत बोधप्रद हकीकत अर्जेंटिनातील गव्हाची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

सूर्यफूल हे कोरड्यात तग धरणारे पीक. अर्जेंटिनातील सांता फे शहरातल्या विद्यापीठात राकेल चान नावाच्या संशोधक बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्यफुलातील एका जनुकाचा अनेक वर्षे अभ्यास केला. या जनुकाचे काम मुकादमासारखे आहे. ते स्वतः काही तयार करीत नाही, इतर अनेक जनुकांना चालू-बंद करते. पाण्याचा ताण पडला की झाडात एक वायू तयार होतो आणि त्याच्या इशाऱ्याने पाने वेळेआधी पिवळी पडून वाळू लागतात. सूर्यफुलाचे हे जनुक तो इशारा मंद करते. म्हणजे शटर लवकर ओढण्याच्या उलट हा मार्ग आहे. झाड ताणातही दुकान उघडे ठेवते आणि थोडाफार धंदा करीत राहते. बायोसेरेस या अर्जेंटिनाच्याच कंपनीने हे जनुक सोयाबीनमध्ये व गव्हात आणले. या गव्हाला एचबी-४ असे नाव आहे.

२०१९ मध्ये या गव्हाच्या ३७ शेत-चाचण्यांचे निकाल शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. सर्व ठिकाणांची सरासरी काढली तर उत्पन्नात ६ टक्के वाढ. पाण्याचा ताण असलेल्या ठिकाणी १६ टक्के वाढ. ताण नसलेल्या ठिकाणी ३ टक्के. एका अत्यंत कोरड्या ठिकाणी वाढ ९७ टक्क्यांपर्यंत गेली. आता जाहिरात कोणता आकडा छापील हे आपल्याला सांगायला नको. आपणही सेलच्या पाटीवर "५० टक्क्यांपर्यंत सूट" मोठ्या अक्षरांत लिहितो आणि "पर्यंत" बारीक लिहितो. व्यवहाराचा आकडा ६ आणि १६ च्या दरम्यान आहे.

आणखी एक बारकावा. ही तुलना कॅडेन्झा नावाच्या युरोपातील वाणाशी होती. त्याच वाणात जनुक घातलेला गहू एकीकडे आणि न घातलेला दुसरीकडे. जनुकाचा गुण मोजायला ही रीत बरोबरच आहे. पण शेतकऱ्याचा प्रश्न निराळा असतो. माझ्या गावात आज जे सर्वांत चांगले वाण चालते त्यापेक्षा हे किती जास्त देते, हे त्याला हवे असते.

आता सौद्याची बाजू पाहा. अर्जेंटिना सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये या गव्हाला परवानगी दिली, पण अट घातली. ब्राझीलने आयातीला होकार दिल्याशिवाय विक्री करायची नाही. कारण अर्जेंटिनाच्या गव्हाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक ब्राझील. तेथील गिरणीवाल्यांनी विरोध केला. अर्जेंटिनातील धान्य निर्यातदारही घाबरले होते. त्यांची भीती अशी की, एकदा हा गहू साध्या गव्हात मिसळला तर निवडून वेगळा करता येणार नाही आणि परदेशी गिऱ्हाईक सगळाच माल नाकारील. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलने या गव्हाचे पीठ आयात करण्यास मान्यता दिली. त्यानंतर मे २०२२ मध्ये अर्जेंटिनात विक्री खुली झाली. मार्च २०२३ मध्ये ब्राझीलने लागवडीलाही मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने आपल्याकडे तो पेरण्यास हरकत नसल्याचे सांगितले.

बियाणे तयार, सरकार राजी, तरी दीड वर्ष माल थांबला. तो थांबवला गिऱ्हाइकाने. माल कितीही चांगला असो, घेणारा कोण हे आधी पाहावे लागते, हे आपल्या मंडईतल्या हमालालाही ठाऊक आहे. विरोधकांचा आणखी एक आक्षेप आहे. या गव्हात दुष्काळाच्या जनुकाबरोबर एका तणनाशकाला दाद न देणारे जनुकही जोडलेले आहे. दुष्काळाच्या नावाने तणनाशकाची विक्री वाढवली जाते, असे ते म्हणतात. कंपनी म्हणते, ते जनुक मुख्यतः निवडीच्या सोयीसाठी होते. वाद मिटलेला नाही.

उष्णतेची बाब वेगळी

पाणी भरपूर असूनही उष्णता पीक मारू शकते. मार्च २०२२ मध्ये पंजाब-हरियाणात हेच झाले. तेथे गव्हाला पाण्याची कमतरता नव्हती. पण दाणा भरण्याच्या दिवसांत अवेळी उष्णता आली आणि दाणे बारीक राहिले. १३ मे २०२२ रोजी केंद्राने गव्हाची निर्यात बंद केली, आणि बंदरात अडकलेल्या मालाचे काय झाले ते धान्याच्या व्यापाऱ्यांना विचारावे.

उष्णतेपुढे झाडाच्या दोन जागा विशेष नाजूक आहेत. एक म्हणजे परागकण. कापसाचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी फळधारणा व्हावी लागते. त्या दिवशी परागकण उष्णतेने निकामी झाले तर ते फूल गळते. झाड हिरवेगार दिसते, बोंडे मात्र कमी. दुसरी जागा पानातील. हवेतून कर्बवायू पकडणारे जे मुख्य प्रथिन आहे, त्याला चालू ठेवणारे एक मदतनीस प्रथिन असते. ते उष्णतेत आधी बिघडते. हे मदतनीस अधिक टिकाऊ करता येईल काय, यावर अनेक ठिकाणी काम चालू आहे.

कापसाच्या परागकणांवर अमेरिकेच्या शेती खात्याच्या टेक्सासमधील संशोधकांनी काम केले आहे. उष्णतेत इतर प्रथिनांना सावरून धरणारे एक प्रथिन असते. त्याचे जनुक एका छोट्या रानटी रोपातून घेऊन त्यांनी कापसात घातले. उष्णतेत त्या कापसाचे परागकण अधिक चांगले काम करतात असे त्यांना आढळले व २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. काम उत्तम आहे, पण ते संशोधन आहे, दुकानात मिळणारे पाकीट नव्हे.

ठिगळ आणि टाका

आपल्या देशात काय आहे? ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भाताच्या दोन नव्या वाणांची घोषणा केली. त्यातील एक, पुसा डीएसटी राईस १, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दक्षिणेत लोकप्रिय असलेल्या एमटीयू १०१० या भातापासून तयार केले. दुसरे, डीआरआर धान १०० म्हणजेच कमला, हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा मसुरीपासून केले.

या दोन्हींची पद्धत बीटीपेक्षा निराळी आहे. शिलाईच्या भाषेत सांगायचे तर बीटी म्हणजे दुसऱ्या थानाचे ठिगळ आपल्या कापडाला लावणे. या भातात ठिगळ नाही, त्याच कापडाचा एक टाका उसवलेला आहे. एमटीयू १०१० मध्ये डीएसटी नावाचे एक जनुक आहे. ते काम करू लागले की पानावर छिद्रे जास्त होतात आणि ती मिटायला उशीर लागतो. शास्त्रज्ञांनी नेमके तेच जनुक बिघडवले. छिद्रे कमी झाली, पाण्याचा खर्च कमी झाला. बाहेरचे काही न घातल्यामुळे अशा वाणांना मार्च २०२२ च्या नियमाने जुन्या कडक परवानगी-प्रक्रियेतून सूट मिळालेली आहे. पुसाच्या भाताचे सरकारने दिलेले आकडे प्रामुख्याने खारवट व चोपण जमिनीचे आहेत, सुमारे १० ते ३० टक्के जादा उत्पन्नाचे. त्या आकड्यांवर नंतर आक्षेपही घेतले गेले आणि संशोधन परिषदेने ते फेटाळले. कमला हे वाण मूळ सांबा मसुरीपेक्षा सुमारे वीस दिवस आधी तयार होते, असे सांगण्यात आले आहे.

माझ्या मते हे वीस दिवस फार मोलाचे आहेत. जे पीक वीस दिवस आधी घरात येते त्याला शेवटचे पाणी लागतच नाही. त्याने दुष्काळ सोसला नाही, चुकवला. कापसातही या बाजूने प्रयत्न चालू आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कोरडवाहू शेतीसाठी लवकर तयार होणारे, ठेंगणे कापूस दाट पेरण्याची पद्धत पुढे आणली आहे. आपल्याकडील बीटी कापूस हा बहुतेक संकरित आणि लांब मुदतीचा आहे. पाऊस सप्टेंबरात संपला तरी तो नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत पाणी मागत उभा असतो. अळीविरुद्धचे जनुक चांगले, पण ते ज्या झाडात बसवले ते झाड कोरडवाहू रानाला साजेसे नव्हते, ही तक्रार कापसाच्या जाणकारांनी अनेकदा केली आहे.

मागावर काय उतरते

आता मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बांधवांसाठी. दुष्काळाचे नुकसान क्विंटलमध्ये संपत नाही, ते सुतात उतरते. फूल उमलल्यापासून साधारण पहिले तीन आठवडे कापसाचा तंतू लांब होत असतो. या काळात पाण्याचा ताण पडला की तंतू आखूड राहतो. त्यानंतरचे तीन-चार आठवडे तंतूच्या आत थरावर थर चढून तो भरीव होतो. ताण या दुसऱ्या काळात पडला तर लांबी ठीक, पण तंतू पोकळ व कच्चा राहतो. जिनिंगवाले त्याला मायक्रोनेअर कमी आले असे म्हणतात.

आखूड तंतूचे सूत कमजोर. मागावर ताण्याची तार तुटते, माग थांबतो, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराची मजुरीही थांबते. कच्च्या तंतूच्या सुतात बारीक गुठळ्या पडतात, त्या रंग धरत नाहीत आणि रंगवलेल्या थानावर पांढरे ठिपके उठतात. मग व्यापारी रंगाऱ्यावर ओरडतो, रंगारी सूतवाल्यावर, आणि मूळ कारण कुठल्यातरी शिवारात सप्टेंबरच्या खंडात घडून गेलेले असते. तेव्हा दुष्काळ सोसणारे कापसाचे बियाणे कोणी आणले तर त्याला "एकरी किती?" याबरोबरच "तंतूची लांबी व मायक्रोनेअर ताणाच्या वर्षात किती?" हेही विचारले पाहिजे. शेतकरी हा प्रश्न सहसा विचारत नाही, कारण बाजारात कापूस बऱ्याचदा ढिगावर नजर टाकूनच विकला जातो. जिनिंगवाले आणि सूतवाले विचारू शकतात. गिऱ्हाइकाच्या होकाराची अडचण मात्र कापसात गव्हापेक्षा कमी आहे. रुई कोणी खात नाही. सरकीचे तेल आणि पेंड खाण्यात येते, आणि सेंद्रिय कापसाच्या मालात जनुक बदललेला कापूस अजिबात चालत नाही. एवढ्या दोन जागी लक्ष ठेवावे लागेल.

वहीतला हिशेब

आज भारतात दुष्काळासाठी जनुक घातलेल्या कोणत्याही कापसाला लागवडीची परवानगी नाही. ज्या पाकिटावर तसे लिहिलेले असेल ते एकतर साधे संकरित वाण आहे किंवा बेकायदा माल आहे. तणनाशक सोसणारा विनापरवाना कापूस महाराष्ट्रात कसा पसरला, आणि २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात तो उघडपणे कसा पेरला गेला, हे आपण पाहिले आहे. कृषी केंद्र चालवणाऱ्या आपल्या बांधवांनी बिलाशिवाय येणाऱ्या पाकिटापासून दूर राहावे. परवाना त्यांचा जातो, पुरवठादार दिसेनासा होतो.

उद्या परवानगी मिळाली असे धरू, आणि अर्जेंटिनाच्या गव्हाइतकाच गुण कापसात उतरला असेही धरू. तसा तो उतरेलच असे नाही, हे केवळ हिशेबासाठी. एका एकरात चांगल्या वर्षी ८ क्विंटल कापूस होतो आणि कमी पावसाच्या वर्षी ४. भाव क्विंटलला ७,००० रुपये. कमी पावसाच्या वर्षी १६ टक्के वाढ म्हणजे ६४ किलो, रुपये ४,४८०. शेतकऱ्याच्या हातात ४ ऐवजी ४ क्विंटल ६४ किलो आले. चांगल्या वर्षापेक्षा तो तरीही ३ क्विंटल ३६ किलोने, म्हणजे २३,५२० रुपयांनी मागे आहे. चांगल्या वर्षी ३ टक्के वाढ म्हणजे २४ किलो, रुपये १,६८०. एकरी दोन पाकिटे लागतात, आणि बियाण्याची जादा किंमत दरवर्षी द्यावी लागते, दुष्काळ येवो न येवो. बीटीचे पाकीट सुरुवातीला सुमारे १,६०० रुपयांना होते. २००६ मध्ये आंध्र सरकार आयोगापर्यंत गेल्यावर ते ७५० च्या आसपास आले. पुढे केंद्राने भाव बांधून दिले आणि २०२५ मध्ये ते ९०१ रुपये होते. नव्या जनुकाचे पाकीट समजा ८०० रुपयांनी महाग ठेवले, तर चांगल्या वर्षी एकरी १,६०० जादा खर्चून १,६८० मिळाले. शेतकऱ्याला ८० रुपये सुटले.

वाईट वर्षी मात्र ते ४,४८० रुपये लहान नाहीत. त्यात दुकानदाराची दिवाळीची एक उधारी फिटते, किंवा मुलांच्या शाळेची फी जाते. म्हणून ही चीज निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. पण तिच्या भरवशावर उधारीची मर्यादा दुप्पट करावी, असे या आकड्यांत काही नाही. एकरी चार-साडेचार हजारांनी वाढवता येईल, तीही फक्त त्या गिऱ्हाइकाची, ज्याची जमीन मध्यम किंवा भारी आहे. मुरमाड रानात जनुक असो वा नसो, ऑगस्टचा पाऊस गेला की पुढे काय होते ते आपण २०२३ मध्ये वहीत लिहिलेले आहेच.

बियाणे कंपनीचा माणूस दुकानी आला तर त्याच्याकडून तीन आकडे लेखी घ्यावेत: कमी पावसाच्या वर्षात आपल्याच तालुक्यात एकरी किती झाले, शेजारच्या शेतातील नेहमीच्या वाणाने त्याच वर्षी किती दिले, आणि पीक किती दिवसांत घरात आले. पहिल्या दोन आकड्यांसाठी तो कदाचित मुदत मागेल. तिसरा पाकिटावरच छापलेला असतो.